आतून येणाऱ्या शिव्या

दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डाव्या बाजूला वेळ आणि मनात आलेलं वाक्य. ‘पहाटे ४. तू कधीच सुधारणार नाहीस.’ ‘सकाळी ७, कंपनीच्या गेटवर. सगळे तुझ्याकडेच बघतायत.’ ‘संध्याकाळी ६. एवढं करून कुणाला कौतुक आहे?’ ‘रात्री ११. पोराच्या फीचे पैसे प्यायलास, हरामखोरा.’ अक्षर वाकडंतिकडं, पेन दाबून लिहिलेलं. उजवी बाजू पहिली वीसेक पानं कोरीच आहे. तिथे त्या वाक्याला उत्तर लिहायचं होतं. ते सुचत नव्हतं.

ही वही अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका फिटरची. वय पंचेचाळिशीच्या आसपास. नाव देणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर समुपदेशक बाईंनी त्याला हा गृहपाठ दिला होता. “दारू सोडणं अवघड असतं असं सगळे सांगतात,” तो म्हणाला, “पण दारू बंद झाल्यावर डोक्यात जी बडबड सुरू झाली ना, तिच्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. आधी बायको शिव्या द्यायची, तर निदान उठून बाहेर जाता यायचं. आता कुठं जाणार?”

व्यसनमुक्तीच्या आपल्याकडच्या गोष्टी दारू सुटते तिथे संपतात. नवरा बाटली फोडतो, बायको डोळे पुसते, पडदा पडतो. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते आणि तिच्यात पाहण्यासारखं फारसं काही घडत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही. माणूस खुर्चीत बसलेला असतो, समोर टीव्ही चालू असतो आणि आत त्याची उलटतपासणी चाललेली असते. नाशिकमध्ये अशा अनेकांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. पुन्हा प्यायला लावणारं जे काही असतं, त्यात मित्र, बार, पगाराचा दिवस यांच्या बरोबरीनं हा आतला आवाज असतो. आणि तो आवाज बहुतेक वेळा दारू पी असं म्हणतच नाही. तो फक्त म्हणतो, तू नालायक आहेस. पुढचं आपोआप होतं.

नाशिकला नशेचं वावडं कधीच नव्हतं. सिंहस्थात साधुग्राममध्ये चिलमी पेटतात, त्यांना लोक हात जोडतात. गंगापूर धरणाच्या परिसरात २००० साली सुलाची पहिली वाइन तयार झाली आणि बघता बघता द्राक्षांचं गाव देशाची वाइन राजधानी झालं. पेठ-सुरगाण्याकडे मोहाची, सातपूर-अंबडला पाळी सुटल्यावरची ‘क्वार्टर’. मालेगावात अल्प्राझोलम नावाची, चिंतेवर देतात ती गोळी ‘कुत्ता गोळी’ या नावानं पानटपरीपर्यंत पोचली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिक शहराला लागून असलेल्या शिंदे गावात मेफेड्रॉनचा, म्हणजे पोरं ज्याला ‘एमडी’ म्हणतात त्याचा, कारखानाच सापडला. मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी केलेल्या त्या कारवाईत पकडलेल्या मालाची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगितली गेली. कॉलेज रोडवरच्या पालकांनी त्या आठवड्यात पहिल्यांदाच पोरांच्या बॅगा तपासल्या असतील.

कायद्यानं पाहायचं तर महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे, आणि प्यायची असेल तर परवाना लागतो. परवाना खिशात ठेवून पिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्षबागायतदारांचं भलं होईल असं कारण होतं. विरोध झाला, तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. त्याच दिवशी पुण्यात डॉ. अनिल अवचट गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत या दोन्ही बातम्या होत्या.

अवचटांचा इथे संबंध केवळ योगायोगाचा नाही. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनात अडकलेल्या मुलांवर त्यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. ते उभं करण्यात मोठा वाटा होता डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांचा. त्या मनोविकारतज्ज्ञ. १९९७ साली त्या गेल्या आणि पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं. मुक्तांगणनं महाराष्ट्राला औषधोपचारापलीकडचं काहीतरी दिलं असं मला वाटतं. दारुड्याशी माणसासारखं बोलता येतं, हे तिथे रोज दिसत राहिलं. नाशिक जिल्ह्यातूनही कित्येक जण तिथे जाऊन आलेत. त्यांच्यापैकी एकाला विचारलं, काय आठवतं? “पहिल्या दिवशी मला कुणीतरी ‘अहो’ म्हणालं,” तो म्हणाला. “मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का.”

आता फिटरकडे परत.

पहिल्यांदा सोडल्यावर तो चौदा महिने प्यायला नव्हता. सिन्नरकडे भाचीची हळद होती. डीजे, मटण, मंडपामागे मेहुण्यांची बैठक. कुणीतरी स्टीलचा ग्लास हातात दिला, “एवढ्यानं काय होतंय, भो.” नाइन्टी असेल. प्यायला, जेवला, झोपला. कुणाला कळलंही नाही. तमाशा झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तो सगळा डोक्यातल्या डोक्यात. “झालं. चौदा महिने पाण्यात. म्हणजे तू आहेस तो आहेसच. मग आता सोंग कशाला करायचं?” सकाळी दहाला गावातल्या दुकानासमोर उभा होता. पुढचे अकरा दिवस त्याला नीट आठवत नाहीत.

नाइन्टीनं अकरा दिवस घालवले नाहीत. ते त्या सकाळच्या वाक्यानं घालवले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी १९८५ साली जुडिथ गॉर्डन यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात नेमक्या या टप्प्यावर बोट ठेवलं होतं. एकदा पाय घसरणं वेगळं आणि पुन्हा गर्तेत जाणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये माणूस स्वतःला काय सांगतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. ‘त्या मंडपामागं बसायला नको होतं’ असं म्हणणारा सहसा दुसऱ्या दिवशी सावरतो. ‘माझ्या रक्तातच आहे’ असं म्हणणाऱ्याला सावरण्याचं कारणच उरत नाही. मार्लट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती आपल्याला जास्त लागू पडते. नियम जितका अखंड, जितका निरपवाद, तितकं तो मोडल्यावरचं कोसळणं मोठं.

आपल्याकडे दारू सोडण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत आदराची रीत म्हणजे माळ. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे, पंढरपुरात, गावच्या सप्त्यात गळ्यात तुळशीची माळ पडते आणि माणूस दारू-मटण सोडतो. या रीतीला नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. गावागावात माळेनं वाचवलेली घरं आहेत. माळेमागे वारी येते, भजनाची मंडळी येतात, संध्याकाळी सात ते नऊ या घातक वेळेत हातात टाळ येतो. व्यसनमुक्ती केंद्रं ज्याला आज आधारगट म्हणतात, ते आपल्याकडे कित्येक शतकं उभ्या रिंगणात नाचतंय.

पण माळ मोडली तर? दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार सांगत होता. बेमोसमी पावसात माल गेला, त्या आठवड्यात तो प्यायला. माळ काढून देव्हाऱ्यामागे ठेवली. मग भजनाला जाणं बंद झालं, कारण “कोणत्या तोंडानं जाणार?” म्हणजे ज्या मंडळींनी त्याला धरून ठेवलं होतं, त्यांच्यापासून तो स्वतःच लांब गेला. मंडळींनी त्याला बाहेर काढलं नव्हतं. ते तर दोनदा बोलवायला आले होते. “बापानं उभी केलेली बाग, मी राखू शकलो नाही. माळ राखू शकलो नाही. मग काय राखणार?” एका दमात त्यानं पाऊस, बाग, बाप आणि दारू एकाच हिशेबात मांडली. पावसाचाही दोष त्याचाच.

त्या मानानं अल्कोहोलिक्स अनॉनिमसनं, सगळे ज्याला नुसतं ‘एए’ म्हणतात, शपथेचा कालावधीच कापून टाकला. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघे पिणारे, एकमेकांना भेटले आणि त्यातून ही चळवळ निघाली. १९५७ पासून ती भारतात आहे. इथे जन्मभराचं वचन कुणी मागत नाही. फक्त आजचा दिवस. उद्याचं उद्या. पहाटे चारच्या आवाजाला हे उत्तर फार सोयीचं पडतं, कारण तो आवाज नेहमी आयुष्यभराच्या गोष्टी करतो. ‘कधीच’ आणि ‘कायम’ याखाली तो बोलतच नाही.

एएच्या काही बैठका सर्वांसाठी खुल्या असतात. नाशिकरोडला अशी एक पाहिली. शाळेचा वर्ग, पाचवी-सहावीच्या मुलांचे बाक, त्यात गुडघे अडकवून बसलेली मोठी माणसं. नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ, रिक्षावाला, बँकेतला अधिकारी, दोन तरुण, एक बाई. सुरुवातीला प्रार्थना. मग एकेकानं उठून बोलायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. उठणारा आपलं पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, मी बेवडा आहे. बाकीचे सगळे एका सुरात त्याला नमस्कार करतात.

या वाक्यावर मी बराच वेळ अडकून होतो. गल्लीत पोरं हेच ओरडतात. सासरे हेच म्हणतात. वहीच्या डाव्या बाजूलाही हेच आहे. मग इथे ते बोलून माणूस हलका का होतो? प्रेसमधले ते गृहस्थ म्हणाले, “बाहेर या वाक्यापुढे पूर्णविराम असतो, इथे स्वल्पविराम.” प्रेसमध्ये आयुष्य गेल्यामुळे असेल कदाचित. पण मला वाटतं, फरक ऐकणाऱ्यांचाही आहे. संतांनी स्वतःला पतित म्हणून घेतलं, पापांची खातेवही उघडून दाखवली, पण ती उघडली देवापुढे आणि चारचौघांत, टाळमृदंगाच्या गजरात. एकट्यानं अंथरुणात पडून तेच घोकलं असतं तर तो अभंग झाला नसता, आजार झाला असता. एएच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी स्वतःच्या दोषांची निर्भय यादी करायला सांगते. पाचवी लगेच सांगते, ती दुसऱ्या एका माणसाला वाचून दाखव. यादी करून उशाशी ठेवायची परवानगी नाही.

लाज वाटली की माणूस सुधारतो, ही आपली पक्की समजूत आहे. ‘लाज कशी वाटत नाही?’ हा प्रश्न आपण दारुड्याला जितक्या वेळा विचारतो तितक्या वेळा ‘जेवलास का?’ विचारत नाही. आणि गंमत अशी, की मी बोललो त्यातल्या एकालाही लाज कमी पडलेली नव्हती. लाज इतकी होती की ती घेऊन झोपता येत नव्हतं, म्हणून प्यायचे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले डॅनिअल रँडल्स आणि जेसिका ट्रेसी यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. नुकतीच दारू सोडलेल्या लोकांना त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि शेवटचं पिऊन वाईट वाटलं तो प्रसंग सांगायला लावला. मग शब्द बाजूला ठेवून फक्त शरीर पाहिलं. खांदे पडलेत का, छाती आत गेलीय का. काही महिन्यांनी पुन्हा गाठलं तेव्हा दिसलं, की ज्यांच्या शरीरात लाज जास्त दिसली होती ते पुन्हा प्यायल्याची शक्यता जास्त होती, आणि प्यायले तर जास्त प्यायले होते. तोंडानं ‘मला लाज वाटते’ किती म्हणाले, यावरून मात्र काही कळलं नाही.

आपण चुकलो असं वाटणं आणि आपणच एक चूक आहोत असं वाटणं, यात अंतर आहे. पहिल्यातून माणूस फीचे पैसे परत भरायला जातो. दुसऱ्यातून गुत्त्यावर जातो. हे समजायला कॅनडालाच जायला हवं असं नाही. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, हे आपण विसरतो. सोडून तो कामाच्या शोधात लोकांच्या दारी जातो आणि अपमान गोळा करून परत येतो. मग पुन्हा प्याला. त्याला पाजणारा तळीराम सगळ्यांच्या लक्षात राहिला. दारातून हाकलणारे सभ्य लोक कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. शंभर वर्षं आपण ते नाटक दारूच्या दुष्परिणामांचं म्हणून पाहतोय.

लाजेचा उपचार म्हणून वापर करणारी केंद्रंही आहेत. टक्कल करणं, सगळ्यांसमोर कान धरायला लावणं, पट्ट्यानं मारणं. ‘अहंकार उतरवला पाहिजे’ असं त्याचं समर्थन ऐकायला मिळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, आणि रुग्णाला क्रूर, अमानुष, अपमानास्पद वागणूक मिळू नये हा त्याचा हक्क तिथे लिहिलेला आहे. कायदा भिंतीवर लावायला हरकत नाही. पण मार खाऊन आलेल्या एकानं सांगितलं ते जास्त बोलकं आहे: “ते जे ओरडायचे ना, ते सगळं मी घरी घेऊन आलो. आता त्यांच्याऐवजी मीच ओरडतो.”

बडबड थोडी रसायनांचीही असते, हे नीट सांगितलं गेलं पाहिजे. रोज पिणाऱ्यानं एकाएकी बंद केलं तर पहिले काही दिवस धोक्याचे. थरथर, फेफरं, भास होऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. पण शरीर शांत झाल्यावरही झोप, चव, उत्साह परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. एमडी घेणाऱ्यांचं आणखी वेगळं. नशा उतरते तेव्हा मन तळाला जातं. बावीस वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “मला वाटायचं मला माझं सत्य दिसतंय. सगळे खोटे, मी फालतू, मरून जावं. डॉक्टर म्हणाले, हे सत्य नाही, हा मंगळवार आहे. शनिवारी घेतलं की मंगळवारी असंच वाटतं.” त्या मुलाला या एका वाक्यानं जितका धीर दिला, तितका कुठल्या प्रवचनानं दिला नसता. मरावंसं वाटणं ज्या कुणाच्या डोक्यात रेंगाळतंय त्यानं मात्र मंगळवार सरायची वाट बघू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, व्यसनासाठी १४४४६. दोन्हीला पैसे लागत नाहीत.

वहीची उजवी बाजू कशी भरायची, याचं एक शास्त्र आहे आणि मराठी वाचकाला ते नवखं नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना आपल्याला कोसळवत नाही, घटनेबद्दलची आपली समजूत कोसळवते, हा तिचा गाभा. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली, आणि मुक्तांगणच्या सुरुवातीच्या काळापासून तिथे काम केलेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती व्याख्यानांतून, पुस्तकांतून घराघरांत नेली. एलिस यांचा एक आग्रह इथे फार उपयोगी पडतो. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. ‘मी फीचे पैसे प्यायलो, ते वाईट होतं’ इथपर्यंत खरं. ‘म्हणून मी हरामखोर’ याला पुरावा काय? आणि पुरावा असेलच, तर आज कामावर गेलो, त्याचं काय करायचं?

समुपदेशक बाई या बाबतीत कडक होत्या. उजव्या बाजूला फिटरनं पहिल्यांदा जे लिहिलं ते असं: ‘मी खूप चांगला माणूस आहे. मी काहीही करू शकतो.’ कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं. बाईंनी लाल पेननं खोडलं. “तुम्हाला पटतं का हे?” “नाही.” “मग कशाला लिहिलं?” त्यांचं बरोबर होतं. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली कॅनडातच केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं, की स्वतःला मुळातच कमी लेखणाऱ्यांना ‘मी प्रेमास पात्र आहे’ असं घोकायला लावलं तर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटतं. मन लगेच विचारतं, कोण, तू? आरशासमोर उभं राहून स्वतःला ‘ग्रेट’ म्हणवून घेण्याचा जो उद्योग सध्या जोरात आहे, त्याचं गिऱ्हाईक आधीच स्वतःवर खूश असलेला माणूस असावा.

दुसऱ्या खेपेला उजव्या बाजूची वाक्यं छोटी झाली. ‘तू कधीच सुधारणार नाहीस’ यासमोर: ‘आज सत्तेचाळिसावा दिवस.’ ‘सगळे बघतायत’ यासमोर: ‘पवार मोबाईल बघत होता. वॉचमननं नमस्कार केला.’ ‘पोराच्या फीचे पैसे प्यायलास’ यासमोर बरेच दिवस काही नव्हतं. मग एक दिवस: ‘हो. प्यायलो. ७,५०० होते. ३,००० भरले.’

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात भारी वाटलं. आवाज खोटं बोलत नव्हता, म्हणून त्याला खोडूनही चालणार नव्हतं. हिशेब दाखवणं एवढंच हातात होतं.

आणखी एक युक्ती त्याला आपोआप सापडली. काही पानांवर तो स्वतःशी नाव घेऊन बोलतो, शाळेतले गुरुजी बोलावेत तसा. ‘बस खाली. पाणी पी. काय झालं सांग.’ मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळलं होतं. अडचणीच्या वेळी ‘मी’ ऐवजी स्वतःचं नाव घेऊन स्वतःशी बोललं, की घालमेल कमी होते. नाशिककराला याचं फार नवल वाटू नये. गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावरच्या टाकळीत समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं असं सांगतात. पुढे त्यांनी मनाचे श्लोक रचले, दोनशे पाच. त्यातले बहुतेक म्हणजे स्वतःच्या मनाशी बोलणं. त्यात धाक आहे, सूचना आहेत, कानउघाडणीही भरपूर. पण मनाला हाक मारतात ती भल्या माणसाला मारावी तशी. आम्ही ते शाळेत पाठ केले, स्पर्धेत म्हटले, बक्षिसाची वाटी आणली. मनाशी असं आदरानं बोलायचं असतं, हे त्यातून उचलायचं राहून गेलं.

दुसरी घसरण नऊ महिन्यांनी झाली. त्या रात्री फिटर द्वारका चौकात उतरला. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. दुकानातून क्वार्टर घेतली, टपरीमागं उभं राहून अर्धी संपवली. मग फोन लावला. एएमध्ये जुना माणूस नव्याचा हात धरतो, त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. याचे स्पॉन्सर म्हणजे तेच प्रेसमधले निवृत्त गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणतात. संभाषण त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं.

“काका, प्यायलो.”

“किती?”

“अर्धी.”

“उरलेली?”

“हातात आहे.”

“ओत. जेवलायस का?”

“नाही.”

“तिथंच थांब.”

काका वीस मिनिटांत स्कूटरवर आले. का प्यायलास, असं तोंडातून काढलं नाही. खानावळीत नेलं, ताट मागवलं. एएत एक पाढा असतो: भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चारांपैकी एकही आलं की सावध व्हायचं. त्या रात्री चारही होते. जेवण झाल्यावर फिटर म्हणाला, आता माझी तारीख पुन्हा पहिल्यापासून. काका म्हणाले, तारीख बदलेल, पण या नऊ महिन्यांत पोराला सायकल शिकवलीस ती तो विसरणार आहे का? दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला हजर होता.

अकरा दिवसांच्या जागी अर्धी क्वार्टर. याला कुणी यश म्हणणार नाही. मला विचाराल तर या सगळ्या लेखातली सर्वांत मोठी घटना हीच आहे.

देशपातळीवर पाहिलं तर असे काका फार थोड्यांच्या वाट्याला येतात. एम्समधल्या राष्ट्रीय केंद्रानं २०१९ साली जाहीर केलेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं आढळलं. भरती होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. उरलेल्यांशी रात्री कोण बोलत असेल, ते वेगळं सांगायला नको. बायकांचं तर विचारूच नका. त्या दिवशीच्या बैठकीत ती एकच बाई होती. पुरुषाला शेजारी ‘पितो’ म्हणतात. तिला काय म्हणतात ते तिनं सांगितलं, मी इथे लिहीत नाही. मुक्तांगणनं स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला तो उगाच नाही.

आणि न पिणाऱ्या बायकांच्या डोक्यातही एक वही असतेच. फिटरच्या बायकोला मी विचारलं, तेव्हा ती आधी चहा टाकायला उठली. मग आतूनच बोलली. “माझी आई म्हणायची, नवरा पितो म्हणजे बाईचंच काहीतरी चुकत असेल. आता आई नाही. पण ऐकू येतं.” पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अमेरिकेत १९५१ साली ‘अल-अनॉन’ सुरू झालं, मुक्तांगणमध्ये ‘सहचरी’ गट आहे. ती काही महिने अशाच एका बायकांच्या गटात जाते आहे. तिथे पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, तुम्ही हे लावलेलं नाही, तुम्हाला हे थांबवताही येणार नाही. “मी घरी येऊन दोन तास झोपले,” ती म्हणाली. “दुपारी. लग्नानंतर पहिल्यांदा.”

तिचा नवऱ्यावर विश्वास आहे का, हा प्रश्न मी विचारायला नको होता, पण विचारला. एटीएम कार्ड तिच्याकडेच असतं. पगार आला की तो घरी पोचायच्या आत मेसेज तिच्या फोनवर येतो. तो त्याबद्दल कुरकुर करत नाही. आधी कुरकुर करायचा, ‘घरात कुत्र्याइतकी किंमत नाही’ हे वाक्य वहीत चार वेळा आहे. चौथ्या वेळी समोर उत्तर आहे: ‘तिला घाबरायला कारण आहे. कारण मी. वेळ लागेल.’ बायकोचा अविश्वास आणि डोक्यातली शिवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला त्याला दीड वर्ष लागलं. पहिलीला उत्तर वागण्यातून द्यायचं असतं, दुसरीला वहीत.

यंदा कंपनीत बोनस बरा होणार अशी कुजबुज आहे. बोनसचा दिवस म्हणजे सातपूर-अंबडच्या बारवाल्यांची दिवाळी. त्या संध्याकाळसाठी काकांनी आधीच जादा बैठक ठेवली आहे, पाळीवरून सुटलेल्यांना थेट तिथे यायचं. फिटरनं भीत भीत विषय काढला, की या वेळी पोराला कपडे घ्यायला कार्ड आपल्याकडे मिळालं तर बरं, बाप म्हणून दुकानात पैसे आपल्या हातानं द्यावेसे वाटतात.

बायकोनं कप उचलले. “कपड्यांना मी येते सोबत. पैसे तुम्ही द्या,” ती म्हणाली. “कार्डाचं भाऊबीजेनंतर बघू.”